घोड्याचा डॉक्टर घरी येतो तेव्हा: खर्च कुठे होतो, कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये

घोडा पाळणाऱ्याला चारा, चंदी (दाणा), नालबंदी आणि मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचा, पगार तोंडपाठ असतो. डॉक्टरांच्या व्हिजिटचा खर्च मात्र फार कमी लोक आधी मांडून ठेवतात. त्यामुळे तो नेहमी अडचणीच्या वेळी समोर येतो: रात्री, पावसात, घोडा लोळत असताना. अशा वेळी कुणी दर विचारत नाही आणि विचारायची ती वेळही नसते. म्हणून हा हिशेब घोडा धडधाकट असताना करायचा. लग्नाचे घोडे ठेवणारे, माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले, मेंढरांबरोबर भीमथडी तट्टू बाळगणारे धनगर, हौसेने एखादी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी दारात बांधणारे शेतकरी, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

मला मुख्य सांगायचं आहे ते हे, की व्हिजिटच्या बिलात औषधापेक्षा अंतराचा आणि उशिराचा भाग मोठा असतो. अंतर वाटून घेता येतं आणि उशीर टाळता येतो. बाकी काटकसरीला फारसा वाव नाही, आणि काही ठिकाणी ती करूही नये.

घोड्याचा डॉक्टर लांबून का येतो

आपल्याकडे गावोगावचे पशुवैद्य दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या बघतात. घोडे मुळातच कमी राहिलेत. देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टू होते. २०१९ च्या गणनेत ते साडेतीन लाखांच्याही खाली आले. पदवी घेताना प्रत्येक पशुवैद्य घोड्याबद्दल शिकतो, पण रोजचा हात मात्र ज्याच्याकडे घोडे येतात त्याचाच बसतो. असे डॉक्टर रेसकोर्स, रायडिंग क्लब आणि मोठे स्टड फार्म यांच्या आसपास, म्हणजे मुख्यतः मुंबई-पुण्याकडे एकवटलेत. नंदुरबार, नांदेड किंवा सोलापूरच्या घोडेवाल्याला त्यामुळे दोन माणसं लागतात: हाकेच्या अंतरावरचा एक पशुवैद्य, जो तातडीने येऊन घोडा सावरून धरेल, आणि लांबचा पण घोड्यात मुरलेला एक, ज्याचा सल्ला पहिल्याला फोनवर घेता येईल. या दोघांची एकमेकांशी ओळख तुम्हीच करून द्या. दोन चांगल्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला संकोच नसतो. रात्रीच्या पोटशूळात तर हा एक फोन ऐंशी किलोमीटरची गाडी वाचवतो.

बिल कसं तयार होतं

फोन करून "किती घेता?" एवढंच विचारलं तर एकच आकडा मिळतो, आणि नंतर बिल वेगळं आलं की मन खट्टू होतं. त्याऐवजी सुटं सुटं विचारा. व्हिजिट फी किती? ती दर खेपेला की दर घोड्याला? गाडीचा खर्च किलोमीटरवर की ठोक? जाण्याचं अंतर धरता की जाऊन-येऊन? रात्रीचा, रविवारचा, सणाचा दर वेगळा आहे का? औषधं तुमच्याकडची की चिठ्ठी लिहून देणार? भूल किंवा गुंगी लागली तर तिचे वेगळे किती? दोन दिवसांनी पुन्हा बघायला आलात तर फी पूर्ण की कमी? फोनवरच्या सल्ल्याचे पैसे घेता का?

शेवटच्या प्रश्नाला "हो" उत्तर आलं तर आनंदाने द्या. फोनवर दहा मिनिटं लक्ष देणारा डॉक्टर तुमची अख्खी व्हिजिट वाचवतो, आणि त्या दहा मिनिटांमागे त्याची वर्षानुवर्षांची मेहनत असते.

आता एक हिशेब मांडू. आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतलेत. तुमच्या भागातले खरे दर विचारून त्या जागी भरा. समजा डॉक्टर ४० किलोमीटरवर राहतात. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, किलोमीटरला १५ रुपये, म्हणजे गाडीचे १२००. व्हिजिट फी १०००. औषधाला हात लागायच्या आधीच २२०० रुपये झाले. वर्षात लस, दात आणि जंत अशा तीन कामांसाठी तीनदा बोलावलं तर ६६०० रुपये नुसते येण्याजाण्यात गेले.

तीच कामं दोन खेपांत बसवली आणि शेजारच्या तिघांना सोबत घेतलं, तर गाडीचे १२०० चौघांत वाटून प्रत्येकी ३०० होतात. एकाच फेरीत चार घोडे बघायचे असले की बरेच डॉक्टर दर घोड्यामागची फी कमी करतात. ती ६०० धरली तर माणशी ९००. दोन खेपांचे १८००. उरलेले ४८०० रुपये वेगळे ठेवा. एखाद्या रात्री अचानक डॉक्टर बोलवावा लागला, तर त्या व्हिजिटची तरतूद यातूनच झालेली असेल.

वर्षाचं वेळापत्रक कामाच्या हंगामाप्रमाणे

कॅलेंडर भिंतीवर लावून उपयोग नाही. ते तुमच्या धंद्याशी जुळलं पाहिजे. लग्नाच्या घोड्याला तुळशीच्या लग्नानंतर उसंत नसते, म्हणून त्याची मोठी तपासणी दिवाळीच्या आधी उरकावी. माथेरानला पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, तेव्हा दात आणि खुरांची कामं पाऊस लागण्याच्या तोंडावर घ्यावीत. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात. त्यांनी निघण्याआधी गावातच लस आणि जंताचं काम करून घ्यावं, कारण वाटेत ठावठिकाणा रोज बदलतो.

दोन ठरलेल्या खेपांत काय काय बसवायचं?

धनुर्वाताची लस सगळ्यात आधी. जनावरांमध्ये घोड्याइतकी धनुर्वाताला बळी पडणारी जात क्वचितच असेल. खिळा, पत्रा, नालाचा चुकलेला खिळा, एवढं पुरतं. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. ही लस स्वस्त आहे. रोग झाल्यावर मात्र आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या तबेल्यात उपचार चालतात, आणि एवढं करूनही घोडा हाती लागेल याची खात्री नसते. रेबीजची लसही वर्षाला एकदा घ्याच, कारण आपल्या गावात कुत्री मोकाट आहेत. गाभण घोडी असेल तर व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी धनुर्वाताचा डोस द्यावा, म्हणजे शिंगराला चिकातून संरक्षण मिळतं. हर्पिस विषाणूमुळे घोडी गाभ टाकते. त्यावरची लस गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. तुमच्या भागात ती मिळते का हे डॉक्टरांना आधीच विचारा, म्हणजे मागवायला वेळ राहतो.

लस स्वतः दुकानातून आणून ठेवायचा मोह टाळा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून आलेली कुपी टोचली, तर पैसे गेले ते गेलेच, वर लस दिल्याचं खोटं समाधान गळ्यात पडतं.

दात वर्षातून एकदा बघून घ्या. तरुण आणि म्हाताऱ्या घोड्यांचे सहा महिन्यांनी. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांना बाहेरून-आतून धारदार कडा होतात. चंदी तोंडातून सांडणं, गवताच्या चघळलेल्या गुठळ्या खाली पडणं, लगाम घेताना मान झटकणं, लिदीत अख्खे दाणे दिसणं ही त्याची खूण. घोडा वाळत चालला म्हणून चंदी वाढवणारे लोक मी पुष्कळ पाहतो. आधी तोंड बघा. दाढा घासल्यावर तीच चंदी अंगी लागते. या कामाला बहुधा गुंगीचं इंजेक्शन लागतं, म्हणून त्या खर्चाची जुळणी आधीच ठेवा. आणि घोडा पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यापुढे चारा टाकू नका, तो घशात अडकतो.

जंतासाठी तर अनेकदा व्हिजिटच लागत नाही. ताजी लीद स्वच्छ पिशवीत हवा काढून बांधा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अंडी मोजून मिळतील का ते फोन करून विचारा. एका कळपातल्या थोड्याच घोड्यांच्या लिदीत बहुतेक अंडी असतात, त्यामुळे सगळ्यांना दर दोन महिन्यांनी औषध पाजणं म्हणजे पैसे घालवून जंतांना औषधाची सवय लावणं. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लीद तपासली की ते लागू पडलं का हेही कळतं.

औषधाचा डोस वजनावर असतो आणि खेड्यात घोड्याचं वजन करायला काटा नसतो. एक टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण ३१२ किलो येतं. वाढलेल्या घोड्यासाठी हा अंदाज चांगला जमतो. डॉक्टरांना फोनवर हा आकडा सांगितला की ते नेमकं तेवढंच औषध बरोबर आणतात.

खुरांचं काम सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून होतच असतं. जुना लंगडेपणा असेल तर डॉक्टरांच्या खेपेच्या दिवशी नालबंदालाही बोलवा. दोघांनी एकाच पायाकडे एकत्र बघितलं की निम्मे वाद आणि पुढच्या दोन खेपा वाचतात.

डॉक्टर येण्याआधीची तयारी

डॉक्टर दारात आले आणि घोडा माळावर चरतोय, धरायला माणूस नाही, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. त्यांचा वेळही तुमच्याच बिलात जातो. घोडा मोरखी (तोंडावरची दोरी) घालून, कोरडा आणि खरारा केलेला उभा असावा. घाव असेल तर त्यावर हळद, चुना, रॉकेल, जळकं ऑइल यातलं काही नको. खालचं काहीच दिसत नाही आणि ते पुसण्यात अर्धा तास जातो. लंगडेपणा दाखवायचा असेल तर पंधरा-वीस पावलं सरळ दुडक्या चालीने पळवता येईल अशी टणक, सपाट जागा शोधून ठेवा. दोन बादल्या स्वच्छ पाणी, साबण, टॉवेल आणि संध्याकाळ असेल तर चार्ज केलेली बॅटरी हवी.

घोड्याला ओळखणारा माणूस हजर पाहिजे. मालक मुंबईत आणि नवा मोतद्दार तबेल्यात, अशा ठिकाणी डॉक्टरांच्या "कधीपासून?" या साध्या प्रश्नालाही उत्तर नसतं.

आणि एक वही ठेवा. लस, जंताचं औषध, नाल, आजार, दिलेली इंजेक्शनं, त्यांच्या तारखा. मागच्या वेळी कुठल्या औषधाने घोड्याला त्रास झाला, हे त्या वहीत सापडलं तर एखाद्या दिवशी जीव वाचेल. खोकला, अडखळणं, झटका अशा गोष्टी डॉक्टर आले की नेमक्या थांबतात, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि निघण्याआधीच त्यांना पाठवा.

फोन करण्याआधीची पाच मिनिटं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "घोडा बरा नाही, लवकर या" असा फोन आला की डॉक्टरांना काय न्यायचं, किती घाई करायची, काहीच ठरवता येत नाही. तुम्ही चार आकडे सांगितले तर तेच डॉक्टर घरबसल्या सांगतील की सकाळी आलो तरी चालेल, की हातातलं ताट ठेवून निघतो.

एक थर्मामीटर, एक साधा स्टेथोस्कोप आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. व्हिजिटच्या खर्चापुढे ही खरेदी अगदी किरकोळ आहे. थर्मामीटर गुदद्वारात घालायचा, दोरी बांधून आणि बाजूला उभं राहून. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट असतं. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटांना लागते, किंवा डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकता येतात. विसावलेल्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. श्वास मिनिटाला ८ ते १६. हिरड्या ओलसर गुलाबी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा रंग भरला पाहिजे. दोन्ही कुशींवर कान लावला की आतड्यांची गुरगुर ऐकू येते. ती अजिबात नसेल तर तेही सांगा.

हे आकडे घोडा बरा असताना आठवडाभर रोज लिहून काढा. प्रत्येक घोड्याची स्वतःची पातळी असते, आणि ती माहीत असली की आजाराच्या दिवशी फरक लगेच डोळ्यांत भरतो. मोतद्दाराच्या शाळकरी मुलालाही हे शिकवा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात.

कधी क्षणही दवडायचा नाही

पोटशूळ पहिला. पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, बसणं-उठणं, लोळणं, लीद न टाकणं, चंदीकडे तोंड फिरवणं. घोड्याला उलटी होत नाही. पोट वायूने किंवा पाण्याने फुगलं तर ते बाहेर काढायला डॉक्टरांची नाकातून घातलेली नळी हाच मार्ग असतो. नाहीतर पोट फुटतं. म्हणून इथे "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. संध्याकाळी सहाला बोलावलेली व्हिजिट बहुतेक वेळा एक इंजेक्शन, एक नळी आणि दोन तास लक्ष, एवढ्यात निभते. तोच घोडा पहाटे तीनला दाखवला तर सलाइनच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके लागतात, किंवा शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो, आणि ती सोय राज्यात मोजक्याच ठिकाणी आहे. नाडी ६० च्या वर गेली असेल तर फोनवर पहिलं वाक्य तेच असू द्या.

डॉक्टर येईपर्यंत चारा आणि चंदी काढून घ्या. लोळून अंग आपटत असेल तर थोडं थोडं चालवा, पण दमवू नका. शांत पडला असेल तर पडू द्या. बाटलीने किंवा नळकांड्याने तेल पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर पोटाच्या दुखण्यावर फुप्फुसाचं दुखणं चढतं. आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक टोचू नका. दुखणं झाकलं जातं, घोडा बरा वाटतो, आणि आतलं आतडं मात्र तसंच पिळलेलं राहतं.

इतरही काही वेळा असतात. पाय अजिबात टेकवत नाही. सांध्याजवळ किंवा खुरात खोल घाव. डोळा मिटलेला, पाणी गळणारा. डोळ्याची दुखापत दिसायला छोटी असली तरी एका रात्रीत नजर जाऊ शकते. नाकपुड्यांतून चारा किंवा लाळ येणं, म्हणजे घशात घास अडकलाय. कामानंतर अंग आखडून लघवी तपकिरी होणं. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन, हलायला तयार नसलेला घोडा.

घोडी व्यायला लागली की घड्याळ बघा. पाण्याची पिशवी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. मग तासाभरात उभं राहणं, दोन तासांत दूध पिणं, तीन तासांत घोडीचा वार पडणं. यातलं काहीही चुकलं तर फोन करा. म्हशीचा वार दुसऱ्या दिवशी पडला तरी चालतो असं अनुभवी गवळी सांगतो. घोडीच्या बाबतीत तो सल्ला ऐकू नका, तिला त्यातून गर्भाशयाचा विषार आणि खुरांचा दाह होतो.

सरकारी सेवा: आधी ओळख करून घ्या

१९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी आहे. पथकाच्या गाडीत पशुवैद्य, एक सहायक आणि चालक असतात आणि ते दारात येतात. आपल्या तालुक्यातलं पथक कोणत्या वेळेत फिरतं, सेवाशुल्क किती, घोड्याच्या नळीचं सामान त्यांच्याकडे आहे का, हे एका निवांत दुपारी विचारून वहीत लिहा. पत्ता सांगताना गट नंबर सांगू नका. शाळा, पाण्याची टाकी, देऊळ अशा खुणा सांगा आणि रस्त्यावर माणूस उभा करा.

गावातला सरकारी दवाखाना कोणत्या श्रेणीचा आहे तेही बघा. श्रेणी एकमध्ये पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्य असतो. श्रेणी दोनमध्ये पशुधन पर्यवेक्षक. पर्यवेक्षक अनुभवी असतात आणि मलमपट्टीला त्यांची मोठी मदत होते, पण पोटशूळ किंवा शस्त्रक्रिया हे पशुवैद्याचं काम. खासगी डॉक्टर बोलावतानाही राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. जत्रेत पिशवी घेऊन फिरणाऱ्या "घोड्याच्या डॉक्टर"चं स्वस्त इंजेक्शन अनेकांना फार महागात पडलंय. मानेच्या शिरेऐवजी रोहिणीत (धमनीत) गेलेलं औषध घोड्याला जागच्या जागी पाडतं.

मोठ्या तपासण्यांसाठी घोडा नेणं स्वस्त की डॉक्टर आणणं, हाही हिशेब करावा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाखेरीज नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. क्ष-किरण यंत्र घोड्यासाठी चालतं का, कोणत्या वारी त्या विषयाचे डॉक्टर असतात, हे विचारूनच टेम्पो ठरवा. जुना लंगडेपणा, अंगावरची गाठ, गाभण तपासणी अशा सावकाशीच्या कामांना एका टेम्पोत दोन घोडे नेले तर घरच्या व्हिजिटपेक्षा कमी पैशांत जास्त तपासण्या होतात.

माथेरानसारख्या ठिकाणी

दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. बाहेरचा डॉक्टर आला तर पुढची वाट स्वतःच्या गाडीशिवाय, सामानासकट. त्याचा अर्धा दिवस जातो आणि तो तुमच्या बिलात दिसतो, ते रास्तच आहे. इथे ठरलेली कामं सामूहिकच व्हायला हवीत. संघटनेने एक दिवस ठरवावा, चालू शकणारे घोडे दस्तुरीला उतरवावेत, आदल्या दिवशी प्रत्येक घोड्याची दोन ओळींत यादी करावी. त्या लाल मातीत जमिनीवर टाकलेला चारा खाणाऱ्या घोड्यांच्या पोटात माती साठते आणि पोटशूळ होतो; गव्हाणीतून किंवा जाळीतून चारा दिला तर त्या व्हिजिट मुळातच कमी होतील. तातडीच्या वेळेसाठी मात्र नळी घालता येणारा जवळातला जवळ पशुवैद्य कोण, हे आधीच पक्कं हवं.

घोडा विकत घेताना

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा माळेगावात लाखांच्या गोष्टी एका हस्तांदोलनात ठरतात. तिथे स्वतःचा पशुवैद्य घेऊन जा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. दातांवरून वय, डोळे, हृदय, श्वास, टणक जमिनीवरची चाल, एवढं बघायला जो खर्च येतो तो पुढच्या वर्षभरातल्या व्हिजिटपेक्षा निश्चित कमी असतो. ग्लँडर्सच्या रक्त तपासणीचा अहवाल मागा. हा रोग माणसालाही होतो, आणि २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यानुसार त्याची खबर देणं बंधनकारक आहे. त्यावर घोड्याला उपचार करत बसायचं नसतं. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घोडा वेगळा बांधा, उघड्या हाताने स्पर्श करू नका आणि सरकारी पशुवैद्याला कळवा.

पैसे देणं आणि विमा

जागच्या जागी पैसे द्या. घोड्यांचे डॉक्टर थोडे आहेत आणि कोण उधारी ठेवतो हे ते एकमेकांना सांगतात. परवडत नसेल तर उपचाराआधीच स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, माझ्याकडे एवढेच आहेत, यात काय होईल?" चांगला डॉक्टर त्यात बसणारा मार्ग सांगतो: कुठली तपासणी सोडता येईल, कुठलं औषध बदलता येईल. उपचार झाल्यावर घासाघीस केलीत तर पुढच्या वेळी रात्री दोनला तो फोन वाजत राहील.

विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाखालच्या विम्यात घोडेही येतात आणि २०२४ मधल्या बदलानंतर हप्त्याचा १५ टक्के वाटा मालकाने भरायचा, उरलेला केंद्र आणि राज्य सरकारने. पण हा विमा जनावराच्या मृत्यूसाठी आहे; व्हिजिट आणि औषधांचं बिल त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळा डबा, वेगळं खातं, काहीही ठेवा; घोडा कमावता असेल तर दर फेरीमागे ठरावीक रुपये त्यात टाकणं सगळ्यात सोपं जातं.

विमा असेल तर आजारपणातही कागद सांभाळा. उपचाराच्या चिठ्ठ्या, बिलं, वही, ओळखीचा बिल्ला किंवा चिपचा क्रमांक, हे सगळं एका पिशवीत. घोडा दगावला तर आधी विमा कंपनीला आणि पशुवैद्याला कळवा आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. पशुवैद्याने यातना थांबवण्यासाठी घोड्याला इंजेक्शनने कायमचं झोपवलं असेल तर ते कारण त्याच्याकडून लेखी घ्या. त्या औषधाचा अंश मांसात राहतो आणि त्याने गिधाडं, कुत्री मरतात. त्यामुळे असा घोडा उघड्यावर टाकायचा नाही. जेसीबी लावून खोल पुरायचा. जेसीबीवाल्याचा नंबर आणि त्याचा तासाचा दरही त्याच वहीत असू द्या.